सवलतीचं भाडं आणि दुरुस्तीचं बिल: कोणता खर्च तुमचा, कोणता नाही

क्वार्टर किंवा वसाहतीतलं घर सोडताना हातात एक कागद पडतो. वर वसाहतीचं नाव, खोली क्रमांक आणि खाली यादी: रंगकाम 4,500. नळ तीन नग 1,050. दरवाजा दुरुस्ती 1,800. साफसफाई 1,000. इतर 650. एकूण 9,000, डिपॉझिटमधून वजा. आकडे मी नमुन्यादाखल घेतलेत, पण कागदाची धाटणी हीच. नळ कशाने बिघडला, दरवाज्याला काय झालं होतं, 'इतर' म्हणजे काय, यातलं काहीच त्यावर नसतं. ज्या कुटुंबाचं महिन्याचं भाडं दोन हजार आहे, त्याच्यासाठी ही साडेचार महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम झाली. तरी बहुतेक लोक सही करतात, कारण बदलीच्या गावी सामान भरलेला टेम्पो दारात उभा असतो.

हा विषय आता समजून घ्यायचं एक कारण आहे. टाळेबंदीत मजूर शहरं सोडून पायी गावाकडे निघाले, त्यानंतर जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने शहरांत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. ऑगस्ट 2024 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मंजूर झाली, तिच्या चार घटकांपैकी एक भाड्याच्या घरांचा आहे. मे 2025 मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलं, त्यातही नोकरदार महिला, विद्यार्थी आणि कामगारांसाठी भाड्याच्या घरांवर भर आहे. घरं शहरात असली तरी राहायला जाणार आपलीच पोरं. आर्वी, दर्यापूर, पुसद, सिंदेवाहीकडून नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या राहण्याचा प्रश्न त्यात आहे. आणि गावातही सवलतीची घरं काही आजची नाहीत.

## सवलतीचं घर कशाला म्हणायचं?

बाजारात जे भाडं पडलं असतं त्यापेक्षा कमी भाड्यात, सरकारच्या किंवा नोकरी देणाऱ्याच्या मदतीने मिळालेलं घर, एवढं पुरे. प्राथमिक आरोग्य केंद्रामागची नर्स आणि डॉक्टरांची निवासस्थानं, जिल्हा परिषदेची क्वार्टर्स, वणी-चंद्रपूर-उमरेडकडच्या कोळसा खाणींच्या आणि वीज केंद्रांच्या वसाहती, सगळी यातच आली.

सवलत दोन वाटांनी येते. एक, घरालाच सवलत असते: सरकार जमीन, अनुदान किंवा करात सूट देतं आणि घर स्वस्तात भाड्याने जातं. दुसरी, माणसाला सवलत असते. 2016-17 पासून सुरू असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याच्या खात्यात जेवणा-राहण्याचे पैसे जमा होतात आणि खोली तो स्वतः शोधतो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना तशीच. हा फरक लक्षात ठेवा, कारण पहिल्या प्रकारात दुरुस्तीसाठी भांडायचं ते खात्याशी किंवा वसाहत चालवणाऱ्याशी, दुसऱ्यात साध्या घरमालकाशी.

## समोर उभा असलेला माणूस मालक नसतो

मोठ्या वसाहतीत घराचा मालक एक, भाडं गोळा करणारा दुसरा. 2020 च्या योजनेत तर हे लिहूनच ठेवलं होतं: सरकारी पैशातून बांधून रिकामी पडलेली घरं खासगी कंपनीकडे 25 वर्षांसाठी द्यायची, तिने ती दुरुस्त करायची, भाड्याने द्यायची आणि सांभाळायची. क्वार्टर्समध्ये हेच काम बांधकाम विभागाचा कनिष्ठ अभियंता आणि त्याने नेमलेला ठेकेदार करतो. मालकाच्या वतीने घर चालवणाऱ्या या माणसाला किंवा कंपनीला मालमत्ता व्यवस्थापक म्हणतात. पुढे मी नुसतं व्यवस्थापक म्हणेन.

व्यवस्थापकाला जेवढा अधिकार मालकाने दिला तेवढाच असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. केंद्र सरकारने 2 जून 2021 ला मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात व्यवस्थापकावर वेगळी कलमं आहेत. मालकाने भाडेकरूला त्याचं नाव कळवायचं, तो आपल्या वतीने काम करतो याचा पुरावा द्यायचा, कोणत्या कामासाठी आणि किती काळासाठी नेमलंय तेही सांगायचं. भाडं घेऊन पावती देणं, आवश्यक दुरुस्त्या करणं, घराची पाहणी करणं, नोटीस देणं ही त्याची कामं. मनात येईल तो दर लावून पैसे कापणं त्यात बसत नाही.

हा कायदा म्हणजे राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, आणि सरकारी मालकीची घरं त्यातूनही वगळलेली आहेत. तरी मी त्याचा आधार पुन्हा पुन्हा घेणार आहे, कारण दुरुस्ती कुणाची याची इतकी साफ यादी दुसरीकडे सापडत नाही, आणि करार करताना ती यादी समोर ठेवायला कुणाची हरकत नसते.

## झिजलेलं आणि मोडलेलं

शेजारच्या गावातून रोटाव्हेटर भाड्याने आणला, चार एकर फिरवला, पाती झिजली. झिजलेल्या पात्यांचे पैसे मालक मागत नाही, ते भाड्यात आले. पण बांधातला दगड माहीत असून त्यावर रोटाव्हेटर घातला आणि पातं तुटलं, तर तो खर्च आपला. घराचं गणित नेमकं एवढंच आहे. नीट वापर करूनही काळाने जे उतरतं त्याला साधारण झीज म्हणतात आणि ती भाड्यात धरलेली असते. हलगर्जीने, गैरवापराने जे बिघडतं ते नुकसान, आणि ते ज्याने केलं त्याने भरायचं.

हे काही अलीकडचं डोकं नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये भाडेकरूने घर घेतलं तशा स्थितीत परत करायचं असं सांगितलंय, आणि लगेच दोन गोष्टी वगळल्यात: वाजवी वापराने झालेली झीज, आणि ज्याच्यापुढे माणसाचं काही चालत नाही अशा शक्तीने झालेलं नुकसान.

आता वरच्या यादीतला रंग घ्या. पाच वर्षं राहिलेल्या घराचा रंग फिका झाला, पोपडे सुटले, ही झीज. पोराने खिळ्याने भिंतभर कोरलं, हे नुकसान. नळाचा वायसर गेला ही झीज, नळ बादली आपटून मुळासकट वाकला हे नुकसान. 'साफसफाई' तर घर झाडून-पुसून दिलं असेल तर लागूच नये. आणि 'इतर' नावाचा कोणताही खर्च नसतो. काय केलं ते लिहिता येत नसेल, तर त्याचे पैसे मागता येत नाहीत.

## काळी माती, कूलर, खारं पाणी आणि गारा

पुस्तकातले नियम पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला सरळ लागतात. आपल्याकडच्या घरांना जे होतं त्याचा उलगडा वेगळा करावा लागतो, आणि माझ्या मते भाडेकरूंवर जास्त अन्याय इथेच होतो.

आधी माती. वऱ्हाडातली काळी कसदार जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात शेताला ज्या भेगा पडतात त्यात काठी उभी जाते. हीच माती घराच्या पायाखाली आहे. पाया मुरुमापर्यंत खोल नेला नसेल, तर दरवर्षी घर किंचित वर-खाली होतं. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. चौकट वाकडी होते, मग दार घासतं, कडी कोयंड्यात बसत नाही. भाडेकरू रोज दार जोर लावून ओढतो, एक दिवस बिजागरी निखळते, आणि यादीत 'दरवाजा दुरुस्ती 1,800' येतं. दोष पायाचा, पैसे राहणाऱ्याचे. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली असेल तर दारासोबत त्या भेगेचाही फोटो काढा. दार का बिघडलं ते ती भेगच सांगते.

मग कूलर. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याच्या उन्हात पारा 45 च्या पुढे जातो, कूलर नसेल तर घरात लहान मूल झोपवता येत नाही. खिडकीला कूलर बसवला की पाणी गळतं, भिंत खालून ओली होते, प्लास्टर फुगतं. हा खर्च कुणाचा? इथे मी भाडेकरूची बाजू आंधळेपणाने घेणार नाही. टाकी फुटलेली, पाणी महिनाभर भिंतीत मुरतंय आणि कुणी हात लावला नाही, तर ते नुकसान भाडेकरूचं. खिडकीचे गज न विचारता कापले असतील तर तेही त्याचंच. पण वसाहतीत प्रत्येक घराला कूलर लागणार हे बांधणाऱ्याला ठाऊक असताना खिडकीबाहेर ना कट्टा, ना पाणी जायला जागा, तर साधा वापर करूनही ओल येणारच. अशी ओल झीज म्हणून धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कूलर बसवण्याआधी व्यवस्थापकाला लेखी विचारून ठेवलं की हा वाद निम्मा मिटतो.

पाण्याचंही तसंच. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, लोखंडी पाइप आतून गंजतात, फ्लशच्या टाकीतला बॉल अडकतो. एरवी बरीच वर्षं चालणारा नळ तिथे लवकर जातो. तीन नळ एकाच वेळी बदलावे लागले, तर भाडेकरूने तिन्ही तोडले असं मानण्यापेक्षा पाणी तपासलेलं बरं.

उधळी, म्हणजे वाळवी, चौकट पोखरते. भिंतीवर तिच्या मातीच्या वाटा दिसल्या की लगेच कळवणं हे भाडेकरूचं काम. औषध टोचणं, चौकट बदलणं मालकाचं. कळवलंच नाही आणि वर्षभरात सगळं दार गेलं, तर थोडा भार भाडेकरूवर येतो.

आणि गारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आडवा करणारी गारपीट छपराचे पत्रेही फोडते आणि खिडकीच्या काचाही. 1882 च्या कायद्यातली, माणसाचं जिच्यापुढे चालत नाही अशी शक्ती ती हीच. त्याचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. तलाठ्याने गावात गारपिटीचा पंचनामा केला असेल तर त्याची तारीख टिपून ठेवा.

## नळ कुणाचा, वायरिंग कुणाचं

आदर्श भाडेकरू कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कामं वाटून दिली आहेत. मालकाकडे: इमारतीच्या ढाच्याच्या दुरुस्त्या (भाडेकरूने नुकसान केलेलं सोडून), भिंतींना चुना-रंग, दारं-खिडक्यांचं रंगकाम, पाइप बदलणं आणि आतली-बाहेरची वायरिंग. भाडेकरूकडे: नळ आणि नळाचे वायसर, गटार-नाली साफ करणं, संडास, बेसिन, गिझर यांची दुरुस्ती, बटणं आणि सॉकेट, कुलपं आणि मुठी, जाळ्या, खिडक्यांच्या काचा, आणि वापरात असलेलं अंगण.

म्हणजे या यादीप्रमाणे वरच्या कागदातलं रंगकाम मालकाचं, आणि नळ, झीज असली तरी, भाडेकरूचे. भाडेकरूला हे ऐकून वाईट वाटेल, पण रोजच्या हाताळणीतली बारकी कामं त्याच्याकडे द्यायचा हा हिशेब मला पटतो, कारण तीस रुपयांच्या वायसरसाठी पंधरा दिवस ठेकेदाराची वाट बघण्यात कुणाचंच भलं नाही. खारपाणपट्ट्यात मात्र करारात नळांसाठी वेगळी ओळ लिहून घ्यावी. हे वाटप करारात काही वेगळं ठरलं नसेल तेव्हाचं आहे, म्हणून सही करण्याआधी दुरुस्तीचं कलम शोधून वाचा. 'सर्व दुरुस्त्या राहणाऱ्याने करायच्या' असं एक वाक्य तिथे असेल, तर 'किरकोळ' हा शब्द घालून घ्या आणि किरकोळ म्हणजे किती रुपयांपर्यंत तेही लिहून घ्या.

## नुकसान माझ्याकडून झालं, तरी पूर्ण पैसे का?

समजा पोराने खरंच भिंत कोरली. खोली रंगवायला 6,000 रुपये लागतात. रंग चार वर्षं टिकतो असं धरू, आणि तुम्ही राहायला आलात तेव्हा तो ताजा होता. तुम्ही तीन वर्षं राहिलात. म्हणजे रंगाचं तीन चतुर्थांश आयुष्य भाड्यात फिटलं होतं, मालकाचं बुडालं ते उरलेलं एक वर्ष. वाजवी रक्कम 1,500 रुपये. पूर्ण 6,000 घेतले तर जुन्या रंगाच्या बदल्यात मालकाला तुमच्या पैशाने नवा रंग मिळतो, आणि नुकसानभरपाईचा अर्थ तो नाही.

काही करारांत ठोक दंड असतो: भिंतीला खिळा मारल्यास 500, चावी हरवल्यास 1,000. भारतीय करार कायदा 1872, कलम 74 सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने नुकसानच झालेलं नसताना ठेव जप्त करता येत नाही असं म्हटलं. चावीसाठी 1,000 लिहिलंय आणि कुलूप 250 चं बसवलं, तर विचारायला जागा आहे.

दर वाजवी आहे का हे कसं कळणार? सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते. रंगकामाला चौरस मीटरला किती, दार बसवायला किती, हे सगळं तीत असतं. सरकारी क्वार्टरमध्ये ठेकेदाराला याच दरांच्या आधारे पैसे मिळतात. मग भाडेकरूला वेगळा दर का?

## "भाडं इतकं कमी, वर दुरुस्तीही फुकट हवी?"

हा प्रश्न व्यवस्थापक विचारतात, आणि दुःख याचं की भाडेकरूंनाही तो पटतो. उपकाराखाली असल्यासारखे ते गप्प बसतात.

पण सवलत भाडेकरूच्या खिशातून सुटलेली असली तरी घराच्या हिशेबातून सुटलेली नसते. जेवढं भाडं कमी केलं तेवढं सरकारने दुसऱ्या वाटेने भरलेलं असतं: स्वस्त जमीन, अनुदान, करातली सूट. 2020 च्या योजनेत तर नव्या बांधकाम तंत्रासाठी दोन बेडरूमच्या घरामागे 1 लाख आणि एका बेडरूमच्या घरामागे 60 हजार रुपये अनुदान ठेवलं होतं, आणि दर दोन वर्षांनी 8 टक्के भाडेवाढीची मुभाही होती, पाच वर्षांत एकूण 20 टक्क्यांपर्यंत. घर सांभाळण्याचा खर्च या गणितात बसवलेला असतो. तो पुन्हा भाडेकरूकडून घेतला, तर एकाच दुरुस्तीचे पैसे दोनदा वसूल झाले.

क्वार्टरचं तर आणखी वेगळं. आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना क्वार्टर मिळालं की त्यांचा घरभाडे भत्ता बंद होतो, वर अनुज्ञप्ती शुल्क (लायसन्स फी) पगारातून कापलं जातं. दिसायला शुल्क शंभर-दोनशे असेल, पण खरं भाडं म्हणजे ते शुल्क अधिक बुडालेला भत्ता. त्यात मुख्यालयी राहायची सक्ती. रात्री-बेरात्री बाळंतपणाला उठून जाणाऱ्या बाईने गळक्या स्लॅबखाली राहायचं आणि वर निघताना प्लास्टरचे पैसेही भरायचे, हे मला कोणत्याच हिशेबात न्याय्य वाटत नाही.

## "भाडेकरू घराची वाट लावतात, त्याचं काय?"

लावतात, काही जण. पंखे, नळ, बोर्ड काढून नेलेली क्वार्टर्स मी पाहिली आहेत. न्हाणीत जळतन भरून नाली बुजवलेली पाहिली आहे. ज्या वसाहतीत भाडं कमी असतं तिथे दुरुस्तीला हाती पैसाही बेताचा असतो, आणि एका घराची नासधूस शेजारच्या दहा घरांची दुरुस्ती मागे ढकलते. अशा भाडेकरूकडून पैसे वसूल व्हायलाच हवेत, डिपॉझिट त्यासाठीच घेतलेलं असतं.

म्हणून तर पुरावा दोन्ही बाजूंना लागतो. ताबा देताना यादी केली असेल तर प्रामाणिक व्यवस्थापकालाही खऱ्या नुकसानाचे पैसे मिळवणं सोपं जातं. यादी नसली की तो सगळ्यांकडून थोडं थोडं कापतो, आणि घर जपणारी बाई तोडफोड करणाऱ्याचे पैसे भरते.

## कायदा नेमका कोणता लागतो?

इथे गुंता आहे. विदर्भात पूर्वी 1949 चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 आला. त्याच्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. स्वाधारच्या पैशातून अमरावतीत खोली घेतलेल्या विद्यार्थ्याला हे फार उपयोगी आहे.

पण हा कायदा परिशिष्टात नमूद क्षेत्रांनाच लागतो, त्यात शहरांवर भर आहे, आणि सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या घरांना तो लागतच नाही. मग गावातल्या खासगी भाड्याच्या घराला 1882 चा कायदा राहतो. त्यात मालकाने जी दुरुस्ती कबूल केली आहे ती सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरू करून घेऊन खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. कबूल केलं आहे, हे महत्त्वाचं. म्हणून करारातली ओळ लागते. क्वार्टर मात्र बहुधा भाडेपट्ट्याने दिलेलं नसतं, राहण्याची नुसती परवानगी असते. तिथे खात्याचे नियम आणि वाटपाचा आदेश हेच तुमचे कागद. तिथे भाड्यातून परस्पर वळतं करू नका, लेखी मागणी करा.

## "पैसे भरले नाहीत तर बाहेर काढतील"

बिलावर आक्षेप घेतला म्हणून कुणी सामान रस्त्यावर ठेवू शकत नाही. सरकारी घर रिकामं करून घ्यायलाही नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पाणी किंवा वीज तोडून दबाव आणणं 1999 च्या कायद्यातही मना आहे आणि आदर्श कायद्यातही. खरी अडवणूक दुसरीकडे होते: बदली किंवा निवृत्तीच्या वेळी लागणारं ना-देय प्रमाणपत्र, म्हणजे काही देणं बाकी नाही असा दाखला. ते हातात असल्याशिवाय पुढची कागदपत्रं सरकत नाहीत, म्हणून माणूस भरून मोकळा होतो. तशी वेळ आली तर भरा, पण पावती घ्या आणि सोबत 'आक्षेप कायम ठेवून रक्कम भरत आहे' असं पत्र द्या. वाद तिथे संपत नाही.

## दुसरीकडे हे कसं चालतं

अमेरिकेत सरकारी मालकीच्या भाड्याच्या घरांत कुटुंब साधारणपणे आपल्या हिशेबी उत्पन्नाच्या 30 टक्के भाडं भरतं. दुरुस्तीचे पैसे घेण्याची पद्धत तिथल्या केंद्रीय नियमांत बांधून दिलेली आहे. साधारण झिजेपलीकडचं नुकसान असेल तरच आकारणी. कोणत्या कामाला किती, याचं पत्रक वसाहतीच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल असं लावायचं. आणि लेखी सूचना दिल्यावर दोन आठवडे उलटल्याशिवाय ती रक्कम वसूल करता येत नाही. मान्य नसेल तर सुनावणी मागता येते. तिथेही तक्रारी होतातच, पण भांडायला समोर एक दरपत्रक असतं. आपल्या वसाहतींच्या कार्यालयात दरसूचीतली वीस कामं छापून भिंतीवर लावायला किती खर्च येईल?

## ताबा घेताना अर्धा तास द्या

किल्ली घेतली की सामान आत टाकण्याआधी प्रत्येक खोलीचा मोबाइलवर फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढा. छत, भिंतींचे खालचे कोपरे, दारांच्या चौकटी, नळ सुरू करून, बटणं दाबून. मीटरचं रीडिंग. हे सगळं व्यवस्थापकाच्या व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी पाठवा, म्हणजे तारीख आपोआप पडते. असे फोटो न्यायालयातही पुरावा म्हणून चालतात, त्यासाठी ठराविक प्रमाणपत्र जोडावं लागतं. मग एका कागदावर यादी: 'मागच्या खोलीत उत्तरेकडच्या भिंतीला ओल, न्हाणीच्या दाराला कडी नाही, एक पंखा बंद.' दोघांच्या सह्या. राहताना काही बिघडलं तर तोंडी सांगितलं तरी मागून एक ओळ मेसेज टाका. घर सोडताना पुन्हा पाहणी मागा, आणि ती तुमच्यासमोर व्हावी असा आग्रह धरा.

डिपॉझिट किती? आदर्श कायदा राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सांगतो. त्याहून जास्त मागितलं तर ही मर्यादा दाखवून घासाघीस करा.

## बिल हातात आलंच तर

सही करण्याआधी त्यावर 'तपशील मिळेपर्यंत मान्य नाही' एवढं लिहा आणि फोटो काढा. मग दोन प्रतींत साधा अर्ज द्या:

"आपण दिनांक … रोजी खोली क्र. … साठी … रुपयांची दुरुस्ती आकारणी केली आहे. प्रत्येक कामाचं कारण, मोजमाप, लावलेला दर, ठेकेदाराचं बिल आणि पाहणीचे फोटो मिळावेत. ताबा घेतानाची यादी सोबत जोडली आहे. साधारण झीज वगळून आणि वस्तूचं वय वजा करून आकारणी दुरुस्त करावी व उरलेलं डिपॉझिट परत द्यावं."

एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती जवळ ठेवा. कुणी अर्ज घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. घर सरकारी असेल तर महिनाभर वाट बघून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात तीन गोष्टी मागा: त्या घरावर गेल्या पाच वर्षांत झालेला दुरुस्ती खर्च, ठेकेदाराला दिलेलं देयक, आणि आकारणी ज्या नियमाने केली त्याची प्रत. तुमच्याकडून रंगाचे पैसे कापले आणि घर रंगवलंच नाही, तर ते याच कागदांतून समोर येतं.

वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर 15100. जाताना करार, ताब्याची यादी, भाड्याच्या पावत्या आणि शिक्का मारलेली अर्जाची प्रत सोबत न्या.